बाबांचा अंगठा आणि हिरवं तेल

माझ्या हातची जखम चिघळत नाही. हे मी अभिमानानं सांगते आणि त्याचा मला मुळीच संकोच वाटत नाही. प्रताप नगरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात मी आयुष्य काढलं. संत्र्याच्या काट्यांनी फाटलेले तळवे, विळ्यानं कापलेली बोटं, सायकलवरून पडून सोललेले गुडघे, सावनेरकडच्या खाणीतून येणाऱ्या माणसांच्या कोळशाचा चुरा बसलेल्या नडग्या, सगळं या हातांनी धुतलं आणि बांधलं. लोक विचारतात, बाई, तुमच्या त्या हिरव्या तेलात असतं तरी काय? मी लगेच सांगते. जाईचा पाला, कडुनिंब, करंज, हळद, मंजिष्ठ, ज्येष्ठमध, मेण, चिमूटभर मोरचूद आणि घाण्यावरचं तिळाचं तेल. ऐकून बहुतेकांचा चेहरा उतरतो. त्यांना हिमालयातली एखादी मुळी हवी असते, आणि मी त्यांना त्यांच्याच कुंपणावरची नावं ऐकवत असते.

तेल चांगलंच आहे. पण ते केव्हा लावायचं नाही, हे ज्याला समजलं त्यालाच ते तेल समजलं. मला हे समजण्यासाठी एक अंगठा खर्ची पडला. तो माझा असता तर मी एव्हाना विसरूनही गेले असते. तो बाबांचा होता, आणि उजव्या हाताचा.

गोष्ट सत्तरीच्या दशकातली आहे. प्रताप नगरात तेव्हा अर्धे प्लॉट रिकामे होते आणि पावसाळ्यात त्यांत कमरेएवढा तरोटा वाढायचा. आमचं घर विटांचं, वर कवेलूंचं छप्पर, पुढच्या खोलीत दवाखाना. दोन बाकं, एक टेबल, भिंतीला लागून बरण्यांची फळी आणि बायकांसाठी कोपऱ्यात जुन्या लुगड्याचा पडदा. बाबा वैद्य होते. त्यांच्याकडे ताप-खोकल्याची माणसंही यायची, पण नाव होतं ते जखमांसाठी. आता जिथं मिहानची उद्योगनगरी उभी आहे, त्या बाजूच्या खेड्यांतून लोक बैलबंडीत बसून यायचे. बाबा बोलायचे कमी. रोगी आला की आधी त्याची जखम बघायचे, मग त्याचा चेहरा, आणि त्यानंतर त्याचं नाव विचारायचे.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. तेव्हा एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. स्वभाव तिखट. आई म्हणायची, "इच्या नाकावर राग बसून राहत नाई, तेथं बिछाना टाकून झोपते." आईचं बोलणंही काही कमी तिखट नव्हतं, त्यामुळे हा वारसा कुठून आला यावर घरात कधी वाद झाला नाही.

मागच्या पडवीत कुटणं, वाटणं, गाळणं हे माझं काम होतं. पडद्याआड बायकांच्या जखमा धुणंही हळूहळू माझ्याकडे आलं, कारण बाबांसमोर त्यांना लाज वाटायची. धुण्याचा काढा त्रिफळा आणि कडुनिंबाच्या सालीचा. बाबांची सगळी विद्या एका वाक्यात सांगायची तर ती अशी होती: आधी धुवायचं, मग भरायचं. जखम ओली आहे, तिला वास आहे, तळाशी पिवळं आहे, तोवर हिरव्या तेलाची, म्हणजे जखम भरणाऱ्या तेलाची, बाटली फळीवरून खाली काढायचीच नाही. तोवर फक्त काढ्यानं धुवायचं आणि तीळ, मध आणि कडुनिंबाच्या पाल्याचा लेप द्यायचा. एखाद्या शेतकऱ्यानं हट्ट धरला, की वैद्यबुवा, आजच ते भरणीचं तेल लावा, वखरणी अडली आहे, तर बाबा शांतपणे विचारायचे, "खरकट्या गंजात दूध तापवते का गा कोणी?" गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. शेतकरी मग जखम काढ्याखाली धरायचा.

तोंड लहान पण आत खोल अशी जखम असली, तर बाबा स्वच्छ धुतलेल्या मलमलीची वात वळायचे, ती लेपात भिजवायचे आणि सळईनं हळूच जखमेच्या तळापर्यंत सरकवायचे. जखमेचं तोंड उघडं ठेवायला ती वात. रोज नवी, आणि रोज आधीच्या दिवसापेक्षा किंचित आखूड. जखम तळापासून भरत वर आली पाहिजे. वरून मिटली आणि आत घाण राहिली, तर ती आतल्या आत वाट शोधते. हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. पाठ होतं, असंच म्हणा ना.

मला मात्र हवी होती कढईपाशी जागा. हिरवं तेल वर्षातून एकदाच व्हायचं, पोळा झाल्यावर, जाईचा पाला भरात असताना. अंगणात तीन दगडांची चूल, गोवऱ्यांचा मंद जाळ आणि कल्हईची मोठी कढई. पाल्याचा आणि मुळ्यांचा वाटलेला गोळा, तेल आणि पाणी एकत्र उकळत राहायचं. पाणी आटलं पण तेल जळलं नाही, अशी एक घटका त्यात असते. ती घटका बाबा अंगठ्यानं ओळखायचे. पळीवर थोडा चोथा घ्यायचा, जरा निवू द्यायचा, अंगठा आणि तर्जनीत धरून वळायचा. बोटांना न चिकटता त्याची शेवईसारखी वळी झाली, की ती निखाऱ्यावर टाकायची. तडतडली तर आत अजून पाणी आहे. निमूट जळली तर तेल झालं. त्या तेलावर पुढचं सगळं वर्ष जायचं. कच्चं राहिलं तर दोन महिन्यांत त्याला वास येई, जास्त झालं तर त्यात काही गुण उरत नसे.

लहानपणापासून मी त्या चुलीच्या धुरात बसून दर थोड्या वेळानं विचारायची, "झालं का बाबा?" आणि बाबा वळी निखाऱ्यावर टाकून, कान देऊन म्हणायचे, "अजून नाई." मला त्या दोन शब्दांचा मनस्वी राग यायचा. एकदा तरी तो चोथा माझ्या बोटात द्यावा असं वाटायचं. आई आणि मी लग्नघरांसाठी बोटवे वळायला जायचो. कणकेचे जिऱ्याएवढे दाणे अंगठा आणि तर्जनीत वळत दुपार काढायची. त्या कामात माझा हात आळीत पहिला होता. पण तेलाची वळी बाबांखेरीज कुणी वळत नसे. माझा एक आतेभाऊ आयुर्वेदाच्या कॉलेजात शिकत होता. पुढंमागं कढईपाशी तोच बसणार, दवाखानाही तोच सांभाळणार, असं नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांना ऐकू येईल असं उत्तर मिळालं असतं.

त्या वर्षी पोळा झाला आणि बाबा तेलाच्या तयारीला लागले. एका सकाळी अंगणात बसून ते करंजाची साल काढत होते. टोकदार सुरी सटकली आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळहाताच्या मांसल भागात, खोल शिरली. वर दिसायला जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढं तोंड. बाबांनी दुसऱ्या हातानं दाबून धरलं, काढ्यानं धुवायला लावलं आणि आधी सरकारी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले. बाबा वैद्य होते, हट्टी नव्हते. स्वतःच्या प्रत्येक रोग्यालाही ते आधी तिकडेच पाठवायचे.

परत आल्यावर ते बाकावर बसले, रोग्याच्या जागेवर, आणि मला हाक मारली.

"बाई, ये वं इकडे. हे आता तुले पाहाचं आहे."

"मी?" मी विचारलं.

"आपल्या जखमेले आपण औषध करू नये. आपला डोळा आपल्याशी खरं बोलत नाई. आता वैद्य तू. मी रोगी."

आई दारातून म्हणाली, "पोरीच्या हाती हात देऊन राहिले. एखाद्या जाणत्याले तरी दाखवा."

"जाणतीच आहे ते," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, थोडं हसून, "अंगठा चांगला भरला, तर यंदा कढईपाशी तू बसशील."

त्या वाक्यानं मी हवेत गेले. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी बाबांच्या दुखण्याचं काहीच वाटलं नाही. कढई दिसली फक्त.

पहिले चार दिवस मी सगळं नेमकं केलं. दिवसातून दोनदा काढ्यानं धुतलं, लेपात भिजवलेली वात घातली, पट्टी बांधली. बाबा मान दुसरीकडे वळवून बसायचे. रोगी बोलत नसतो म्हणायचे, आणि खरोखरच एक शब्द बोलायचे नाहीत. पाचव्या दिवशी वात काढली तर तोंड लालबुंद, डाळिंबाच्या दाण्यासारखं. जखम भरायला लागली की असाच रंग येतो. मी बाजूनं हलकं दाबलं. आतून एक थेंब आला. पातळ, किंचित पिवळसर.

तो थेंब मी पाहिला होता. इतकी वर्षं झाली तरी मी स्वतःला ही सवलत देत नाही, की दिसला नाही, उजेड कमी होता. उजेड भरपूर होता. मी तो थेंब पाहिला आणि मनाशी म्हणाले, काढ्याचं पाणी असेल. एखाद्या परक्या बाईच्या हातावर तो थेंब दिसला असता तर मी आणखी चार दिवस वात सोडली नसती. पण तेल करायचा दिवस आठवड्यावर आला होता. आतेभावाला निरोप गेला होता. मी वात बाजूला टाकली, फळीवरून गेल्या वर्षीच्या तेलाची बाटली काढली आणि भरणीचं तेल घातलं.

"वात नाई घातली?" बाबांनी एवढंच विचारलं.

"जखम साफ आहे," मी म्हणाले. बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली.

आमचं तेल चांगलं होतं हीच पंचाईत झाली. दोन दिवसांत तोंड मिटलं. वर कोवळी गुलाबी कातडी आली. मी बाबांचा हात धरून आईला दाखवला, शेजारच्या काकूंना दाखवला, पडद्याआड येणाऱ्या दोन बायकांनाही दाखवला. सातव्या दिवशी जखम बंद. बाबा म्हणाले, "छान केलं." मी पडवीत जाऊन कढई घासायला घेतली. गरज नव्हती, ती आदल्याच आठवड्यात घासलेली होती.

चूक उघडकीला आणली ती आईनं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा जेवायला बसले आणि त्यांनी चमचा मागितला. आई वाढता वाढता थांबली.

"चमचा काहून?"

"वरणभात गरम आहे."

"इतक्या वर्षात तुम्ही चमचा धरलेला मी पाह्यला नाई," आई म्हणाली. तिनं ताट बाजूला सारलं आणि त्यांचा उजवा हात धोतरावरून उचलून समोर धरला. अंगठ्याचं मूळ टरारून फुगलं होतं. सूज मनगटापर्यंत आली होती आणि हात तव्यासारखा तापला होता. वर माझी ती गुलाबी कातडी तशीच होती, चकचकीत आणि घट्ट मिटलेली.

आई माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता शिव्या पडणार. ती एवढंच म्हणाली, "रिक्षा पाह्य." त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

सायकलरिक्षानं आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, कामानं थकलेले. हात पाहून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"काय लावलं होतं? पालाबिला?"

बाबा काही बोलणार तेवढ्यात मीच पुढं झाले. लाज, भीती आणि राग यांतलं जास्त काय होतं कोण जाणे, पण आवाज चढला. "पाल्याला नावं ठेवू नका. औषध बरोबर होतं, वेळ चुकली. आत पू असताना मी भरणीचं तेल घातलं आणि तोंड मिटवलं. चूक माझी आहे."

डॉक्टरांनी पुन्हा एकदा हात दाबून पाहिला. मग त्यांनी नर्सला सामान आणायला सांगितलं आणि मला म्हणाले, "इथंच थांबा. हात धरायला कोणी तरी लागेल."

मी हात धरला. त्यांनी ती गुलाबी कातडी उघडली, आत बरंच खोल जावं लागलं. जे बाहेर आलं ते मी बघितलं, मान वळवली नाही. बाबांनीही या वेळी मान वळवली नव्हती. ते माझ्याकडे बघत होते. सगळं साफ झाल्यावर डॉक्टरांनी पट्टीच्या कापडाची लांब पट्टी औषधात भिजवून चिमट्यानं त्या पोकळीत तळापर्यंत भरली आणि तिचं टोक बाहेर ठेवलं.

"तोंड मिटू द्यायचं नाही," ते म्हणाले. "खालून वर भरत आली पाहिजे."

"आमच्यात याला वात म्हणतात," मी म्हणाले, आणि मग मला रडू कोसळलं. त्याआधी नाही आणि त्यानंतरही त्या दिवशी नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी दोन दिवस गेले असते तर अंगठाच काढावा लागला असता. आता अंगठा राहील, पण आतली शीर खराब झाली आहे, किती काम देईल सांगता येत नाही.

परतताना रिक्षात बाबा मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला आई. शंकरनगरच्या अलीकडे बाबा सहज म्हणाले, "ठणकत तर सहाव्या दिवसापासूनच होतं."

मी त्यांच्याकडे वळले. "मग सांगितलं काहून नाई?"

"तू इतकी खुश दिसून राहिली होती."

मी बापावर ओरडले. भर रस्त्यात, चालत्या रिक्षात. असला कसला रोगी तुम्ही, दुखतं ते सांगायचं नाही, रोगी बोलत नसतो म्हणे, आणि वैद्य काय ज्योतिषी असतो का, हात गेला असता तर मी कुणाला तोंड दाखवणार होते, असं बरंच काही. रिक्षावाल्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं. आई जे बोलली असती ते सगळं मीच बोलत होते. माझं बोलून संपल्यावर बाबा म्हणाले, "आपल्या जखमेले आपण औषध करू नये, हे मले समजत होतं. लेकीचा हात बी आपलाच हात असते, हे ध्यानात नाई आलं."

त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वैद्यकी केली आहे. आजही घरातल्या कुणाला लागलं तर मी फक्त धुते आणि दुसऱ्याकडे पाठवते. माझ्या मुलांना हे फार विचित्र वाटतं. जगाच्या जखमा भरणारी आई आपल्या पोराच्या गुडघ्याला हात लावत नाही, म्हणून ते मला चिडवतात. चिडवू देत.

पुढचा दीड महिना अंगठ्याचं ड्रेसिंग मीच केलं, कारण दुसरं कोण करणार होतं. पण एक दिवसाआड हात डॉक्टरांना दाखवून. गोळ्या त्यांच्या, इंजेक्शनं त्यांची, धुणं आणि वात माझी. पहिल्या दिवशी त्यांनी काढ्याचा वास घेतला, काय काय घातलं ते विचारलं, आणि म्हणाले, उकळलेलं असेल तर चालेल. मी रोज वात आखूड करत गेले, पण जखमेला विचारून, माझ्या मनाला विचारून नाही. तोंड लाल झालं तरी दाबून बघायची. थेंब आला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच लांब वात. एकदा सलग पाच दिवस तिची लांबी तसूभरही कमी केली नाही. आई म्हणाली, "आता काय हे वात दिवाळीपर्यंत चालवतं का?" मी म्हणाले, लागली तर चालवीन. आणि खरोखरच दिवाळी उजाडली. शेवटी डॉक्टरांनी हात उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "ड्रेसिंग तुम्हीच करत होता ना? आमच्याकडे अशी माणसं हवीत." मला बरं वाटलं. वाटायलाच हवं होतं. काम चोख झालं होतं.

जखम भरली. अंगठा राहिला. पण तो अर्धाच वाकायचा, आणि त्याचं टोक बधिर झालं. बाबांना ते कळलं चहाच्या कपामुळं. कप कढत होता, बाबांनी तो कान सोडून अंगालाच धरला आणि धरून बोलत बसले. आईनं कप काढून घेतला तेव्हा अंगठ्याच्या टोकाला फोड आला होता आणि बाबांना पत्ताही नव्हता. ते फोडाकडे कुतूहलानं बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाचा हात आहे. मी आत निघून गेले. मला तिथं उभं राहवेना.

तेल त्या वर्षी राहूनच गेलं होतं. फळीवरच्या बाटल्यांच्या तळाशी बोटभर शिल्लक होतं आणि कापसाची वेचणी सुरू झाली होती, म्हणजे कापलेले, टोचलेले हात रोज दारात. दिवाळीनंतरच्या एका सकाळी चूल मांडली. आतेभाऊ आला होता. चांगला मुलगा होता तो, त्याच्यावर माझा राग होता तो त्याच्यामुळं नव्हे. मी आधीच आईला सांगून टाकलं होतं, की यंदा मी कढईपाशी येणार नाही. बोलणं झालं होतं ते अंगठा चांगला भरला तर, असं. मी पडवीत बसून पुढचा पाला निवडत होते. तिथून अंगण दिसायचं.

दुपारपर्यंत पाणी आटत आलं. बाबांनी पळीवर चोथा घेतला, निवू दिला आणि बोटांत धरला. वळायला गेले आणि तो खाली पडला. दुसऱ्यांदा घेतला. वळला, पण वळी झाली की नाही, चिकटतं आहे की सुटतं आहे, हे त्यांना कळेना. त्यांनी डाव्या हातानं करून पाहिलं. डाव्या हाताला ते कधी शिकवलंच नव्हतं. आतेभाऊ वाकून बघत होता. मला वाटलं, आता ते त्याच्याच हातात देणार. द्यावं, असंही वाटलं. बाबांनी अंगठा धोतराला पुसला, तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि पडवीकडे मान वळवली.

"बाई," ते म्हणाले, "हात धुऊन ये वं."

मी हात धुतले. दोनदा धुतले. कढईपाशी पाट मांडलेला होता, बाबांचा. ते बाजूला सरकले आणि मी बसले. चोथा बोटांत घेतला तेव्हा तो अनोळखी वाटलाच नाही. बोटव्यांच्या कणकेसारखाच तो बोटांना लागत होता, फक्त तेलकट. तीन वेळा फिरवला आणि वळी झाली. लांब, बारीक, अखंड. आतेभाऊ म्हणाला, "झालंच की." कढईतून वासही तसाच येत होता, रंगही तेलात उतरला होता. सगळ्यांना भूक लागली होती आणि दारात सकाळपासून दोन बाया तेलासाठी बसल्या होत्या. वळी सुटताना माझ्या अंगठ्याला तिचा अगदी थोडा ओलावा जाणवला. थोडाच.

मी ती निखाऱ्यावर टाकली. ती जळायला लागली, आणि एकदाच, अगदी बारीक, तडकली. इतकी बारीक, की ऐकलं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. निखाऱ्याकडे नाही.

"झालं का वं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "अजून नाई, बाबा."

बाबांनी मान हलवली, तो हात मांडीवर ठेवला आणि माझ्या शेजारी जमिनीवर वाट बघत बसले.